सांगितलेलं आणि निघालेलं

३ फेब्रुवारी

हे रजिस्टर बिभीषण मिस्त्रीच्या दुकानातलं. उंदरानं कोपरा खाल्ला म्हणून मिस्त्री रद्दीत टाकत होता, मी उचलून घरी आणलं. मला शिव्या द्यायच्यात. तोंडानं दिल्या की भांडण होतं, म्हणून इथं देणार.

पहिली शिवी मला. समाधान शहादेव, वय वीस, बी.एस्सी. दुसरं वर्ष, अर्ध्यात सोडलं. सध्या वडवणीच्या स्टँडमागं मोटर रिवायंडिंगच्या दुकानात शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरी खोलतो. आज पंधरावा दिवस.

दुसरी शिवी बीडच्या कॉलेजातल्या लॅबच्या सरला. आठ जानेवारीला तो जे बोलला त्यावर मी हातातली काच ओट्यावर आपटली आणि निघून आलो ते आलोच.

तिसरी चैतालीला द्यायची होती. देववत नाही. चैताली आमच्याच वस्तीतली, माझ्याच वर्गातली. डिसेंबरात मी तिला लग्नाचं विचारलं, ती म्हणाली परीक्षा झाली की सांगते. मग लॅबमध्ये ते झालं. दारातून निघताना मी एकदाच बघितलं, सगळा वर्ग हसत होता आणि तीही तोंडावर हात ठेवून खाली वाकली होती.

एकोणीस जानेवारीला तिचा आवाजातला मेसेज आला. तीन मिनिटं बारा सेकंद. अजून ऐकला नाही. कावून ऐकू? आत काय आहे ते माहीत आहे. कॉलेज सोडलेल्या पोराला नाही म्हणायला खरं तर दोन सेकंद पुरतात. ती चांगल्या स्वभावाची, म्हणून तीन मिनिटं गोड बोलणार. मला गोड नको.

६ फेब्रुवारी

मिस्त्रीनं आज दुकानाचं चालू रजिस्टर माझ्याकडं दिलं. "तू शिकलेला. माझं अक्षर मलाच लागत न्हाई."

पानावर दोन रकाने. पहिला 'सांगितलेलं', म्हणजे गिऱ्हाईक मोटर टाकताना काय म्हणालं. दुसरा 'निघालेलं', म्हणजे खोलल्यावर काय सापडलं. जुनी पानं चाळली.

सांगितलेलं: पार जळाली, वास येतोय. निघालेलं: आत पाल मेलेली.

सांगितलेलं: मिस्त्री, मागच्या बारीला तुमीच कच्ची भरली. निघालेलं: बेअरिंग गेलं, ग्रीस तीन वर्षांत दिलं न्हाई.

सांगितलेलं: भावकीनं मुद्दाम बिघडवली. निघालेलं: गाळ.

मी एका मोटरीला नाक लावलं आणि दुसऱ्या रकान्यात 'जळाली' लिहून टाकलं. मिस्त्रीनं रजिस्टरच्या पुठ्ठ्यानं डोक्यात मारलं.

"वासावरून लिहितो व्हय बे? माणूस हायस का कुत्रं?"

मग टेस्टिंगचा बल्ब दाखवला. एक तार मोटरीच्या अंगाला, एक वायंडिंगला, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांना. बल्ब पेटला तर आत शॉर्ट, नाही पेटला तर वायंडिंग धड. बल्ब लावल्याशिवाय दुसऱ्या रकान्याला पेन लावायचा नाही, हा त्याचा कायदा. दोन कवडीचा कायदा. डोकं अजून ठणकतंय.

११ फेब्रुवारी

पप्पा आज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळच्या बसनं बीडला गेले. शाळेतली शिपायाची नोकरी, तिथं रजा टाकून. जानेवारीतही एकदा असेच गेलते. कशाला, ते मला सांगत नाहीत. महिन्याभरात माझ्याशी जे बोलले ते सगळं इथं मावतं: जेवला का, कडी लाव, चार्जर काढ. पोरगं ग्रीसचे हात घेऊन घरी येतं, ह्या लाजेपायी वस्तीतून जरा लांब जायचं असेल.

संध्याकाळी आले. चप्पल काढता काढता काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "जेवला का?"

मी ताट ढकललं. आमटी सांडली. आई पुसत बसली, त्याचा अजून राग आला.

यशोधरा, माझी बहीण, अकरावीला आहे आणि अकलेनं पस्तिशीला. म्हणते, "दादा, चैतालीदीच्या भुवईवर दोन टाके पडलेत. बघितलंस का?"

"पडली असंल कुठं. तिला उचलायला लई जण हायत."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली जसं मी तिला थोबाडलंय. "तू तिचं ऐकलंस का पण?"

"तू तुझा अभ्यास कर."

१२ फेब्रुवारी

गंमत म्हणून या रजिस्टरातही दोन रकाने पाडले.

सांगितलेलं: समाधान पार जळाला.

निघालेलं:

लिहायला गेलो आणि डोक्यात पुठ्ठा बसल्यासारखं झालं. बल्ब कुठं लावलाय? रिकामं सोडलं.

मग आज दिवसभर मी स्वतःला काय काय म्हणतो ते पकडत बसलो. उठल्याउठल्या: उठून काय करणार. आंघोळीला: ग्रीस निघत नाही, निघणारही नाही. दुकानात पाना निसटला: तुला काहीच जमत नाही. डबा उघडला: फुकटचं खातोस. दुपारपर्यंत 'जमत नाही' अकरा वेळा. मिस्त्रीनं मला अकरा वेळा असं म्हटलं असतं तर मी त्याच्या दुकानाला कुलूप लावलं असतं. मी म्हणतो तर मुकाट ऐकून घेतो.

सांगितलेलं: काहीच जमत नाही. निघालेलं: आज सहा मोटरी तपासल्या, मिस्त्रीनं परत बघितल्या, सहाच्या सहा बरोबर.

यात काय मोठं. बल्ब लावायला माकडालाही शिकवता येतं. पण लिहिलंय ते खोटं नाही. आज डबा संपला.

१९ फेब्रुवारी

मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगत होता, "ह्याचं नाव समाधान. आन् तोंड बघा, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून आल्यासारखं." गिऱ्हाईक हसलं. मी पाना फेकला. लांब फेकला, कुणाच्या अंगावर नाही.

मेसेज तसाच. आपण ऐकला नाही तर समोरच्याला कळतं म्हणे. कळू दे.

२७ फेब्रुवारी

आजचं लिहायला लाज वाटते. तरी लिहितो.

बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. गहिनीनाथ तात्यांनी विहिरीवरची तीन एचपीची मोटर आणली. "पार जळाली पोरा. गव्हाचं शेवटचं पाणी राहिलंय, तेवढं बघ." मिस्त्री तार आणायला गेलेला. मोटर खोलली, तेवढ्यात अनिल आला. कॉलेजातला, माझ्या मागच्या बाकावरचा.

"मागच्या आठवड्यात चैतालीला कमिटीपुढं बोलावलं होतं बे. तुझं नाव निघालं तिथं. लई रडली म्हणे."

"कमिटीपुढं कशाला?"

"तक्रार दिलती ना तिनं." त्याची बस लागली, तो पळाला.

तक्रार. नकार देऊन पोट भरलं नाही म्हणून तक्रार. माझी. कानात गरम वारं भरल्यासारखं झालं. हातात छिन्नी होती. तात्यांच्या मोटरीचं वायंडिंग एका बाजूनं कापायला लागलो. तांबं लाल होतं, काळं नव्हतं. वासही नव्हता. मला दिसलं. दिसत असताना कापलं, शेवटच्या कॉइलपर्यंत.

मिस्त्री आला. कापलेला गुच्छ उचलून उजेडात धरला.

"बल्ब लावलता?"

"न्हाई."

"कावून?"

"तात्या म्हणले जळाली."

"तात्या म्हणले. आन् तुझे डोळे काय म्हणले?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तात्यांच्या विहिरीवर जाऊन बघितलं. स्टार्टरमधली एक तार ढिली झाली होती. एवढंच. दहा मिनिटांचं काम.

तात्या पायरीवर बसून होते. मला म्हणाले, "चांगली होती व्हय रं?" रागानं नाही, विचारल्यासारखं. मिस्त्रीनं दुकानातली जुनी मोटर त्यांना तात्पुरती दिली. मी ती रिक्षापर्यंत उचलून नेली. तात्यांनी एक बाजू धरायला हात पुढं केला, मी धरू दिला नाही.

२८ फेब्रुवारी

दिवसभर तात्यांची मोटर परत भरतोय. मी फेरे मोजायचे, मिस्त्रीनं कॉइल बसवायची.

रजिस्टरात त्यानं स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय. सांगितलेलं: जळाली. निघालेलं: चांगली होती. समाधाननं कापली.

"मिस्त्री, तेवढं खोडा."

"रजिस्टरात खोडायचं नसतं."

मग माझ्या तोंडून निघालं. "मी नालायकच हाय. मला काढून टाका."

मिस्त्रीनं तंबाखू थुंकली. "हे पण सांगितलेलंच हाय बे. एक मोटर कापली, एवढं निघालं. नालायक कुठं निघालं? कोणत्या कॉइलमधी? दाखव मला."

मी तारेचं टोक सरळ करायला लागलो.

"राग कुणावर होता?"

"कुणावर न्हाई."

"मग मोटर उगंच मेली." तारेचं रीळ माझ्याकडं सरकवून म्हणाला, "चल, फेरे मोज. चुकलास तर परत कापायला लावीन."

बेचाळीस फेरे. चुकलो नाही.

५ मार्च

आज एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, तीन मोटरी आल्या. तिन्ही खरोखर जळालेल्या, बल्ब लावून बघितलं. मालक एकमेकांच्या कंपनीला शिव्या देत होते. मिस्त्री म्हणाला, "एका दिवशी तीन जळतात व्हय? तिकडं एक फेज गेला आसंल. दोनच फेजवर मोटर नुसती गुरगुरती, फिरत न्हाई, आन् जळती. मोटर बिचारी काय करंल. लिही, दोष लाइटचा."

'दोष लाइटचा' लिहिलं आणि पेन तिथंच थांबला. घरी येऊन हे लिहितोय.

आठ जानेवारीला प्रॅक्टिकल होतं. माझ्या ब्युरेटची, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी गळत होती. मी सांगितलं, सर, तोटी गळते. तो सगळ्यांपुढं म्हणाला, "तोटी गळत नाही, तुझी अक्कल गळते. फुकटच्या जागेवर बसणाऱ्यांच्या डोक्यात हे शिरायचं नाही. जपून धर, तुझ्या बापाच्या शिपायाच्या पगारात येत नाही ती." पुढच्या बाकावरचे हसले. मी ब्युरेट ओट्यावर आपटली.

आता ऐक, समाधान्या. 'डोक्यात शिरायचं नाही.' हे वाक्य मी रोज स्वतःला म्हणतो. पाना निसटला की, बल्ब चुकून पडला की, पुस्तकाचं पान दिसलं की. आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं तर आवाज माझा नाहीच. त्याचा आहे. तोच नाकातला सूर, तोच मधला दम. दोन महिने तो माणूस माझ्या आत खुर्ची टाकून बसलाय आणि मी त्याला मीच समजून पाणी देतोय.

सांगितलेलं: रसायनशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही. निघालेलं: पहिल्या वर्षी शंभरात एकाहत्तर. तोटी खरंच गळत होती.

लई राग आला. पण हा राग वेगळा. नेहमीचा आला की पोटात दुखतं. आज नाही दुखलं.

१६ मार्च

तात्यांच्या गव्हाला पाणी पुरलं. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. मला म्हणाले, "आता पंप लई दणक्यात चालतोय, अजून एकदा कापतोस का?" आणि हसले. मीही हसलो वाटतं. मिस्त्री म्हणतो हसलो.

२१ मार्च

या रजिस्टराच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'आत काय आहे ते माहीत आहे.' आज ते वाचलं. वासावरून लिहिलेलं. माणूस का कुत्रं.

दुपारी मिस्त्री जेवायला गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि मेसेज लावला.

तिचा आवाज चिडलेला होता. गोड बिलकूल नव्हता. आठवेल तसं उतरवतो, चार वेळा ऐकलाय.

"समाधान, फोन उचलत न्हाईस म्हणून असं बोलतीय. एक. तू काच आपटलीस, तुकडा माझ्या भुवईत घुसला. मी तोंड धरून खाली वाकले तर तू निघून गेलास. थांबला पण न्हाईस. दोन टाके पडलेत. दोन. सर जे बोलला ते मी शब्द न् शब्द लिहून काढलंय आन् प्राचार्यांकडं त्याच्याविरुद्ध अर्ज दिलाय. आपल्या वर्गातल्या बबितानं पण सही केली. वीस फेब्रुवारीला कमिटी हाय, तुझं म्हणणं लागतंय, तू यायलाच पाहिजे. तुझे पप्पा परवा आलते. दोन तास बाहेर बाकड्यावर बसले, कुणी आत घेतलं न्हाई. मी चहा दिला तर म्हणले, बाळा, त्याला सांगू नको मी आलतो, त्याला कमीपणा वाटंल. तीन. तू डिसेंबरात विचारलंस त्याचं उत्तर न्हाई असं हाय. कॉलेज सोडलंस म्हणून न्हाई. तुला राग आला की समोरचं माणूस दिसत न्हाई, आन् मला त्याची भीती वाटती. एवढंच. बाकी फॉर्म भर, मूर्खासारखं करू नको. मी तुझ्या नोट्स काढून ठेवतीय."

नकार सोळा सेकंदांचा आहे. मोजला. बाकी सगळे सेकंद माझ्या बाजूनं आहेत, आणि ते एकसष्ट दिवस माझ्या खिशात होते.

वीस फेब्रुवारी कधीच गेली. ती तिथं एकटी उभी राहिली, ज्याच्यासाठी बोलायचं तोच नाही. त्यावर ती रडली. आणि त्या रडण्याचा राग काढून मी एका चांगल्या मोटरीचा गळा कापला.

छिन्नी समोरच होती. उचलली. परत ठेवली. कुणाला मारणार.

तिला लिहिलं: ऐकलं. भुवईचं माहीत नव्हतं. चुकलो.

तासाभरानं आलं: एकसष्ट दिवस. तीन मिनिटं ऐकायला.

२२ मार्च

सकाळी पप्पा दाढी करत होते. मी आरसा धरला. लहानपणी धरायचो तसा. मग विचारलं, "बीडला कावून गेलते?"

वस्तरा थांबला. "कोण म्हणलं?"

"मीच इचारतोय."

"पहिल्या बारीला प्राचार्य साहेब भेटले न्हाईत. दुसऱ्या बारीला भेटले. म्हणलो, पोराचं नाव काढू नका. ते म्हणले काढत न्हाई, पण पोराला घेऊन या." गालावरचा साबण वाळत चालला होता. "त्या दिवशी तुला चल म्हणणार होतो. तू ताट ढकललं."

मला वाटत होतं हा माणूस माझी लाज लपवत फिरतोय.

"आता येता का?" मी म्हणालो.

"शर्टाला इस्त्री करावी लागंल," ते म्हणाले आणि राहिलेली दाढी करायला लागले. आरसा हलवू नको, असं दोनदा म्हणाले. मी हलवत नव्हतो.

३ एप्रिल

बीडला जाऊन आलो.

अर्ज मीच लिहिला. सर काय बोलला ते सगळं. खाली हेही लिहिलं की मी काच आपटली आणि त्यात चैतालीला लागलं. चैतालीनं वाचून विचारलं, "हे कावून लिहिलंस? तुझ्यावरच उलटंल."

"निघालं ते लिहिलं."

तिला ते कळलं नाही. कळायचं कारणही नाही. तिनं आणि बबितानं साक्षीदार म्हणून सही केली.

ऑफिसातल्या बाईंनी अर्ज घ्यायला कुरकुर केली, प्रकरण बंद झालंय म्हणाल्या. पप्पा, जे साहेबांपुढं खुर्चीत बसत नाहीत, ते म्हणाले, "बंद झालं असंल तर तसं लिहून द्या ताई." बाईंनी शिक्का मारला. पुढची तारीख सोळा एप्रिल. परीक्षेचा फॉर्म उशिराच्या मुदतीत भरला. काय होईल सांगता येत नाही. वासावरून लिहीत नाही.

जिन्यात तो सर भेटला. हातात खडूची पेटी. "काय, उतरलं का डोक्यातलं?" म्हणाला आणि हसला. माझी मूठ वळली. खरंच वळली, लिहायला लाज नाही. शेजारी चैताली होती. भुवईत एक बारीक पांढरी रेघ आहे, तिथं केस उगवत नाहीत. मी ती रेघ बघितली. मग त्याला म्हणालो, "सोळा तारखेला सांगतो सर. लेखी." तो हसायचा थांबला.

स्टँडवर चैतालीनं नोट्सची पिशवी दिली. मी म्हणालो, "ते सोळा सेकंद..."

"ते तसंच हाय," ती म्हणाली. "बदलायचं न्हाई." मग तिची मैत्रीण आली, ती गेली.

बसमध्ये पप्पा खिडकीशी झोपले. मी रजिस्टर काढून मांडीवर ठेवलं.

सांगितलेलं: चैतालीनं नकार दिला, म्हणजे समाधान संपला.

निघालेलं: चैतालीनं नकार दिला.

दोनदा वाचलं. दुखतं तेवढंच दुखतं, पण जिथं लागलंय तिथंच दुखतं. सरचा राग आहे तसाच आहे, सोळा तारखेपर्यंत त्याला थंड होऊ द्यायचा नाही.

घरी आलो तर आईनं गरम भाकरी टाकल्या होत्या. यशोधरा विचारत होती काय झालं, काय झालं. मी म्हणालो आधी खाऊ दे. आईनं तिसरी भाकरी न विचारता वाढली, आणि मग चौथी मी मागितली.